संगणकावरच्या अवजारांची वर्गणी



गेल्या वैशाखातली गोष्ट सांगतो. माझा धाकटा मेव्हणा तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर छपाईचे लहानसे दुकान चालवतो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पत्रके, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जे येईल ते काम तो करतो. लग्नसराई ऐन भरात होती. सकाळी सकाळी त्याचा फोन आला.

"दाजी, घोटाळा झालाय. पत्रिका करायचं सॉफ्टवेअर चालू होतंय, पण काम करू देत नाही. पैसे भरा म्हणतंय. तीन पत्रिका अर्धवट आहेत आणि एक वधूपिता समोर बाकावर येऊन बसलाय."

मी विचारले, "अरे, पण ते सॉफ्टवेअर तू विकत घेतलं होतंस ना?"

"घेतलंच आहे की! दर महिन्याला कार्डातून पैसे जातात माझ्या."

मग उलगडा झाला. चैत्रात बँकेने त्याला नवे कार्ड दिले होते. जुन्या कार्डाचा नंबर रद्द झाला, त्यामुळे त्या महिन्याची रक्कम कंपनीकडे गेली नाही. कंपनीने इंग्रजीतून दोन-तीन पत्रे पाठवली होती. पण जाहिरातींच्या ढिगाऱ्यात ती कोण वाचतो! सारे सुरळीत व्हायला दोन दिवस गेले. वधूपिता बाकावरून उठला तो थेट पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात गेला.

"घेतलंच आहे" आणि "दर महिन्याला पैसे जातात" ही दोन वाक्ये माझा मेव्हणा एका दमात बोलून गेला. त्या दोहोंमधले अंतर त्याच्या ध्यानात आले नाही, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ शिकल्यासवरलेल्यांच्याही येत नाही. आज त्या अंतराविषयीच चार गोष्टी तुमच्याशी बोलायच्या आहेत. शिक्षक बंधुभगिनींनी विशेष लक्ष द्यावे. शाळेत नवा लॅपटॉप येतो, त्यात लिहिण्याचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर आयतेच भरलेले असते, आणि काही महिन्यांनी एके दिवशी 'आपली मुदत संपली' अशी पाटी पडद्यावर झळकते. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांच्या गाठीला असेल.

शेतकरी विळा विकत घेतो. पैसे दिले, विळा घरी आणला, व्यवहार संपला. तो विळा दहा वर्षे वापरा, धार लावून मुलाला द्या, किंवा आढ्याला खोचून ठेवा. लोहार तुमच्या घरी येऊन "या महिन्याचे पैसे आले नाहीत, विळा परत द्या" असे म्हणत नाही. संगणकाचे यंत्र तुम्ही असेच विकत घेता. पण नुसते यंत्र काही करीत नाही. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, चित्र काढणे ही कामे त्यातले सॉफ्टवेअर करते. सरकारी मराठीत त्याला आज्ञावली म्हणतात आणि शब्द चांगला आहे, पण दुकानात जाऊन तो उच्चारला तर दुकानदार आपल्याकडे बघत राहील, म्हणून मी सॉफ्टवेअरच म्हणतो. आता लोक त्याला ॲपही म्हणू लागले आहेत.

पूर्वी ही सॉफ्टवेअर खोक्यातून विकली जात. खोक्यात तबकडी असे. एकदा पैसे द्यायचे आणि यंत्र चालेल तोवर वापरायचे. कायद्याच्या काटेकोर भाषेत तेव्हाही तुम्ही फक्त वापरण्याचा परवानाच विकत घेत होता, मालकी कंपनीचीच होती. पण व्यवहारात तो विळ्यासारखाच होता. परवाना एकदा मिळाला की कुणी पुन्हा विचारायला येत नसे.

अनेक सॉफ्टवेअर एका मोळीत बांधून विकण्याची कल्पना मात्र जुनीच आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने लेखनाचे, हिशेबाचे आणि सादरीकरणाचे सॉफ्टवेअर एकत्र करून 'ऑफिस' या नावाने प्रथम १९८९ मध्ये विकायला काढले, तेही मॅकिंटॉश संगणकासाठी. विंडोजसाठीचे पुढच्या वर्षी आले. चित्रे, छायाचित्रे आणि छपाई यांच्या धंद्यात नाव असलेल्या ॲडोबी कंपनीने २००३ मध्ये आपल्या अवजारांची अशीच मोळी बांधली. तिची शेवटची खोक्यातली आवृत्ती, सहावी, २०१२ मध्ये निघाली. त्या मोळीचा सर्वांत मोठा संच अमेरिकेत २,५९९ डॉलरना मिळे. मग मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केले की, यापुढे नवी आवृत्ती विकत मिळणार नाही, ती वर्गणीनेच घ्यावी लागेल. वर्षाचा करार केला तर महिना ४९.९९ डॉलर. वापरणाऱ्यांनी मोठा ओरडा केला. कंपनी बधली नाही. तेव्हापासून इतर पुष्कळ कंपन्यांनी तीच वाट धरली.

आता हिशेब करू. २,५९९ ला ४९.९९ ने भागा. सुमारे ५२ महिने येतात, म्हणजे चार वर्षे आणि चार महिने. दर दीड-दोन वर्षांनी नवी आवृत्ती घेणाऱ्या मोठ्या शहरातल्या कलावंताला वर्गणी स्वस्त पडली. पण एकदा घेतलेल्या खोक्यावर आठ-दहा वर्षे काढणारा आमच्यासारखा मनुष्य पाचव्या वर्षापासून तोट्यात जाऊ लागला. त्यामुळे वर्गणी चांगली की वाईट, याचे सरसकट उत्तर नाही. तुम्ही अवजार किती वर्षे पुरवून वापरता, यावर ते अवलंबून आहे.

इथपर्यंत एका कंपनीची स्वतःची अवजारे होती. पुढे याहून वेगळी गंमत निघाली. युक्रेनची राजधानी कीव्ह येथे मॅकपॉ नावाची कंपनी आहे. तिने जानेवारी २०१७ मध्ये 'सेटॲप' नावाची सेवा सुरू केली. महिना ९.९९ डॉलर भरा आणि वेगवेगळ्या कारागिरांनी केलेली कितीतरी ॲप वापरा. आरंभी ती साठ-एक होती, पुढे दोनशेच्या वर गेली. कुणी लेखनासाठी, कुणी हिशेबासाठी, कुणी यंत्रातला केरकचरा काढण्यासाठी. ही सेवा मॅक संगणकासाठी आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात मॅक आहे कुणाकडे? बरोबर आहे. माझ्याकडेही नाही. पण तिची आतली व्यवस्था समजून घेण्याजोगी आहे, कारण ती पाहिली की आपल्याला आपल्याच गावातली एक जुनी व्यवस्था आठवते.

ती म्हणजे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात तिचे बारकाईने वर्णन केले आहे. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी हे वर्षभर कुणब्याचे काम करीत. प्रत्येक कामाचे पैसे वेगळे द्यावे लागत नसत. सुगी झाली की खळ्यावर धान्याची वाटणी होई, आणि ज्याच्या कामाची गरज जास्त त्याला वाटा जास्त, अशा थोरल्या, मधल्या, धाकट्या ओळी ठरलेल्या असत.

सेटॲपचे खळे असेच चालते. गिऱ्हाइकाच्या वर्गणीतला सत्तर टक्के भाग त्याने त्या महिन्यात जी ॲप उघडली त्यांच्या कारागिरांना वाटून मिळतो, आणि ज्या ॲपची किंमत जास्त त्याचा वाटा मोठा. ज्या कारागिराने ते गिऱ्हाईक आणले असेल त्याला वीस टक्के. उरलेले खळ्याच्या मालकाचे. तुम्ही दोनशेपैकी तीनच ॲप उघडलीत तर तुमचे पैसे त्या तिघांतच वाटले जातात. ज्याचे ॲप उघडलेच नाही त्याला त्या महिन्यात तुमच्याकडून दाणाही मिळत नाही.

बलुत्याचे नाव काढले म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर ते अप्रामाणिकपणाचे होईल. आज काही लोक बलुत्याच्या आठवणी फार गोड करून सांगतात. मी त्यांतला नाही. तो धंदा जन्माने गळ्यात पडे, सोडायची सोय नव्हती, आणि धाकट्या ओळीतल्या माणसाला त्याच्या हक्काचे धान्य उपकार केल्यासारखे टाकले जाई. मी इथे घेतला तो केवळ त्यातला वाटणीचा हिशेब. पण तुलनेत एक मौज आहे. बलुत्यात बांधलेला असे तो कारागीर. आजच्या वर्गणीत कारागीर मोकळा असतो आणि बांधला जातो तो गिऱ्हाईक.

हा गिऱ्हाईक कसा बांधला जातो ते पाहण्याआधी, कंपन्यांना मोळी बांधून विकणे का परवडते, ते बघू. समजा, एक गुरुजी आहेत आणि एक फोटोग्राफर. गुरुजींना लेखनाच्या सॉफ्टवेअरला महिना ३०० रुपये देणे परवडते, चित्रांच्या सॉफ्टवेअरला १०० पेक्षा जास्त द्यायची त्यांची तयारी नाही. फोटोग्राफरचे उलट. कंपनीने दोन्हींची किंमत ३०० ठेवली तर प्रत्येकजण एकेकच घेईल आणि कंपनीला ६०० मिळतील. दोन्ही १०० ला दिली तर दोघेही दोन्ही घेतील, पण मिळतील ४००. आता दोन्हींची मोळी बांधून ४०० रुपये किंमत लावली तर? गुरुजींचे ३०० आणि १०० मिळून ४०० होतातच, फोटोग्राफरचेही होतात. दोघेही मोळी घेतात. कंपनीला ८०० मिळतात आणि दोघेही खुशीत घरी जातात. हे गणित अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६३ मध्ये मांडले होते. तेव्हा विषय होता चित्रपटांचा. चांगल्या चित्रपटाबरोबर पडेल चित्रपटही गळ्यात मारण्याचा. गणित तेच आहे, माल बदलला.

यात आणखी एक मेख आहे. काही लोक या सेवांना खानावळीची उपमा देतात. महिन्याचे पैसे भरा आणि पोटभर जेवा. पण खानावळीत एक जेवणारा वाढला की चार भाकऱ्या जास्त थापाव्या लागतात. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते एकदा तयार झाले की दहा जणांनी वापरले काय आणि दहा लाखांनी वापरले काय, कारागिराचा खर्च फारसा वाढत नाही. म्हणून तर दोनशे पदार्थांचे ताट इतक्या स्वस्तात वाढता येते. आणि आपण मात्र ताट पाहून भुलतो. दोनशेतले आपण खाणार भात आणि आमटी.

वर्गणीची बाजू मी मुद्दाम काळी करून दाखवतो आहे, असे समजू नका. तिचे फायदे खरे आहेत. नवा धंदा सुरू करणाऱ्या पोराला आरंभीच लाख-दीड लाख रुपये सॉफ्टवेअरमध्ये गुंतवावे लागत नाहीत. सुधारणा आपोआप मिळत राहतात, आणि त्यात चोरवाटा बुजवण्याच्या सुधारणाही असतात, ज्या जुन्या खोक्याला पुढे मिळत नाहीत. लहान कारागिराला दरमहा ठरावीक पैसा येतो. आणि एक गोष्ट उघडपणे बोलू या. आपल्याकडे वर्षानुवर्षे तालुक्याच्या गावांतल्या कितीतरी दुकानांत सॉफ्टवेअर चोरीचेच असे. पाचशे रुपयांत सगळे भरून देणारा कुणीतरी असे, आणि त्याबरोबर विषाणूही भरून देई. माझा मेव्हणाही त्याच मार्गाने सुरुवात करून मग सरळ झाला. वर्गणीने त्याला हप्त्याहप्त्याने प्रामाणिक होण्याची सोय दिली, हे मी नाकारणार नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती दाराच्या किल्लीत. खोक्यातल्या सॉफ्टवेअरची किल्ली तुमच्याकडे होती. वर्गणीच्या सॉफ्टवेअरची किल्ली कंपनीकडे असते आणि ते अधूनमधून इंटरनेटवरून कंपनीला विचारते, 'या माणसाला आत सोडू का?' ज्या गावात चार-चार दिवस रेंज नसते, त्या गावाने हे लक्षात ठेवावे. मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीलासुद्धा महिन्यातून एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागते.

उत्तर 'नको' असे आले की काय होते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. मायक्रोसॉफ्टची वर्गणी संपली तर जुनी पत्रे उघडून वाचता येतात, छापता येतात, पण त्यात अक्षर बदलता येत नाही आणि नवे लिहिता येत नाही. सेटॲपची संपली तर ॲपच उघडत नाही. तुम्ही केलेले काम तुमच्या यंत्रात सुखरूप असते, पण कुलूपबंद पेटीसारखे. पेटी तुमची, आतले दागिने तुमचे, किल्ली दुसऱ्याची.

आणि 'नको' हे उत्तर केवळ पैसे थकल्यामुळेच येते असे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हेनेझुएला या देशातल्या ॲडोबीच्या सर्व वर्गणीदारांना कळवण्यात आले की, तुमची खाती महिनाअखेरीस बंद होतील. पैसे त्यांनी वेळेवर भरले होते. पण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ऑगस्टमध्ये त्या देशाविरुद्ध निर्बंधांचा हुकूम काढला होता आणि कंपनी अमेरिकन होती. पुढे कंपनीला सरकारची परवानगी मिळाली आणि २८ ऑक्टोबरला, म्हणजे अगदी मुदतीच्या दिवशी, ते संकट टळले. पण त्या तीन आठवड्यांत तिथल्या चित्रकारांची, छापखानेवाल्यांची काय अवस्था झाली असेल, त्याची कल्पना करा. व्हेनेझुएला फार दूर वाटत असेल तर आपल्या शेजारच्या गुजरातेत या. वाडिनार येथे नायरा एनर्जी कंपनीचा तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना आहे. त्यात रशियन भांडवल असल्याने जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. लगोलग मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भारताच्या कायद्याने काही गुन्हा घडला नव्हता, पैसे थकले नव्हते. तेलाची एवढी मोठी कंपनी न्यायालयात धाव घेऊ शकते. आपला छपाईवाला कुठे जाणार?

याच्या खालच्या पायरीवर रोजच्या कटकटी आहेत. वर्गणी सुरू करणे एका बोटाचे काम असते, बंद करणे मात्र चक्रव्यूहातून बाहेर पडण्यासारखे. जून २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने ॲडोबीवर खटला भरला. आरोप असा की, वर्षाचा करार मध्येच मोडला तर उरलेल्या रकमेचा निम्मा भाग दंड म्हणून द्यावा लागतो, ही गोष्ट कंपनीने गिऱ्हाइकांपासून झाकून ठेवली. कंपनीने आरोप नाकारला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहकसंरक्षण आयोगाने मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक जोडून वर्गणी वाढवली, आणि त्या साहाय्यकाशिवायची जुन्या दराची वर्गणी अजून मिळते ही गोष्ट नीट सांगितलीच नाही, असा आयोगाचा आक्षेप होता. ती जुनी वर्गणी दिसे कुठे, तर रद्द करण्याची वाट अर्धी चालून गेल्यावर. पुढे कंपनीने गिऱ्हाइकांची माफी मागितली. यातून एक व्यवहारी युक्ती मात्र शिकण्यासारखी आहे. दर वाढल्याची सूचना आली की मुकाट्याने मान डोलवू नका. 'रद्द करा' या वाटेने दोन पावले चालून बघा, कदाचित वाटेत स्वस्त दर भेटेल.

आपल्या देशात या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक चांगली गोष्ट केली आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना बँकेने किमान चोवीस तास आधी तुम्हाला दिलीच पाहिजे. ती नको असेल तर थांबवण्याची सोयही दिली पाहिजे. मोठ्या रकमेला दरवेळी तुमची वेगळी संमती लागते. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० करण्यात आली. तेव्हा बँकेचा तो लहानसा निरोप जाहिरात समजून पुसून टाकू नका. माझ्या मेव्हण्याला तेवढे वळण असते तर वधूपिता बाकावरून उठला नसता.

आता शिक्षक मंडळींसाठी. तुमची खरी संपत्ती सॉफ्टवेअर नव्हे, तुम्ही त्यात केलेले काम ही आहे. वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, टाचणे, निकालपत्रके, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे अंक. आणि मराठीत काम करणाऱ्याला तर कुलूपबंद पेटीचा अनुभव वर्गणीच्याही आधीपासून आहे. आपल्याकडे पेजमेकर नावाच्या सॉफ्टवेअरवर कितीतरी पुस्तके आणि अंक निघाले. त्याची शेवटची आवृत्ती २००१ मधली. त्याला युनिकोड समजत नसे, म्हणून आपण खास बनवलेले मराठी टंक वापरत होतो. आज ती फाईल उघडा. 'शाळा' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर आहे पण वाचता येत नाही. माझ्या स्वतःच्या एम.ए. नंतरच्या काही वर्षांच्या टिपणांची अशीच गत झाली आहे. मूळ कागद जपून ठेवले होते म्हणून बरे.

म्हणून माझे सांगणे असे. मराठी लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. जे काम जपून ठेवायचे आहे त्याची एक प्रत पीडीएफमध्ये ठेवा. ती पद्धत २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, कुणा एका कंपनीच्या दारात तिच्यासाठी उभे राहावे लागत नाही. पण पीडीएफ म्हणजे वाळवलेला पापड, त्याचे पुन्हा पीठ करणे कठीण. पुढे दुरुस्ती करायची असेल तर ओडीएफ नावाची खुली पद्धत आहे. तीही २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे.

ही पद्धत ज्याची मातृभाषा आहे ते सॉफ्टवेअर म्हणजे लिब्रेऑफिस. ते २०१० पासून एक विश्वस्त संस्था चालवते. लिहिणे, हिशेब, सादरीकरण सगळे त्यात आहे, त्याला वर्गणी नाही, इंटरनेटला विचारणे नाही, आणि त्याच्या पाट्या मराठीतही करून घेता येतात. प्राथमिक शाळेला याहून जास्त काय लागते, ते मला कुणी सांगावे. चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप आहेत, पाने लावण्यासाठी स्क्रायबस आहे. केरळने आपल्या सरकारी शाळांत असलीच मुक्त सॉफ्टवेअर वापरायची असे ठरवून टाकले आणि त्यासाठी स्वतःची यंत्रणा उभी केली. तिथल्या मास्तरांना जमले ते आपल्याला न जमायला काही कारण नाही.

मुक्त म्हणजे दुय्यम असाही एक समज आहे. ब्लेंडर नावाचे त्रिमिती चित्रांचे सॉफ्टवेअर आहे. त्याची मालक कंपनी बुडाली तेव्हा टॉन रोझेनडाल या त्याच्या कर्त्याने २००२ मध्ये लोकांकडे हात पसरले आणि सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून ते कायमचे मोकळे करून घेतले. ती खरी वर्गणी! आपल्या गावात जशी तालमीसाठी किंवा देवळाच्या कळसासाठी पट्टी गोळा करतात तशी. एकदा दिली आणि वस्तू गावाची झाली. त्याच ब्लेंडरवर केलेल्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले.

अर्थात मुक्त अवजारांच्याही अडचणी आहेत, त्या लपवून उपयोग नाही. दुसऱ्याने वर्डमध्ये केलेला तक्ता लिब्रेऑफिसमध्ये कधीकधी विस्कटतो. वरिष्ठ कार्यालयाने ठरावीक नमुन्याचाच आग्रह धरला तर पंचाईत होते. हाताला जुनी सवय असते, ती मोडायला महिना-दोन महिने लागतात. आणि एकदाच पैसे देऊन घ्यायचे ऑफिसही अजून मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आहे. एका यंत्रापुरती असते आणि तिच्यात पुढची नवी अंगे मिळत नाहीत, पण दुकानदार तिचे नाव आपणहून क्वचितच काढतो. मागितली तरच दाखवतो.

मेव्हण्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. आम्ही दोघे ज्येष्ठातल्या एका पावसाळी दुपारी त्याच्या दुकानात वही घेऊन बसलो. वर्षभरात ते चित्रांचे सॉफ्टवेअर कोणत्या महिन्यांत किती वापरले, ते मांडले. मोळीत वीसहून अधिक अवजारे होती, त्यातली तो वापरत होता दोन. आषाढ ते कार्तिक या काळात पत्रिकांचे काम जवळजवळ नव्हतेच. उरलेल्या प्रश्नपत्रिका आणि पत्रके त्याने लिब्रेऑफिसवर न्यायची असे ठरवले. वर्षाचा करार संपला तसा त्याने तो पुन्हा केला नाही. सगळ्या जुन्या पत्रिकांच्या पीडीएफ प्रती काढून एका वेगळ्या डिस्कवर घातल्या. त्या कामाला आठ दिवस लागले, आणि त्याचा मुलगा त्या आठ दिवसांत सारखा कुरकुरत होता. श्रावणात मुख्याध्यापकांची एक तक्रार आली की, घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिकेतला तक्ता सरकला आहे. तो त्याने दोन तास बसून सरळ केला.

परवा तुळशीचे लग्न झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला.

"दाजी, पहिली पत्रिका आली मार्गशीर्षातली. महिन्याच्या बोलीनं चालू करतो. वर्षाच्या करारापेक्षा दर जास्त पडतोय, पण वैशाखापर्यंतच ठेवणार."

"अरे, पण कार्डाचा नंबर नवा घातलास का?"

"घातला की. आणि बँकेचा मेसेज आला की तुमच्या भाच्यानं तो मोठ्यानं वाचायचा, असं ठरवून दिलंय त्याला."